मागचे सोडलेत

ट्रेलर दुरुस्तीच्या त्या शेडमध्ये शिव्या चालायच्या, टोपणनावं चालायची, एकमेकांच्या सासुरवाडीचा उद्धार चालायचा. पण 'सोडला' हा एक शब्द चालायचा नाही. बंदी वहिनीच्या सासऱ्यांनी घातली होती. त्यांच्या हयातीत कुणाच्या तोंडून तो शब्द निसटला, की त्याने हातातलं काम ठेवून सगळी शेड झाडायची, मग तो घरचा असो की गिऱ्हाईक. एका जाडजूड वाहतूकदाराने खरोखरच झाडली होती, आणि वर "आमच्या घरी नका सांगू" म्हणून विनवलंही होतं.

बंदीला कारण होतं. ट्रेलरचा ब्रेक उलट्या डोक्याचा असतो. चाकामागे एक गोल डबा असतो आणि त्यात माणसाचा जीव घेईल अशी दांडगी स्प्रिंग असते. नळीतून हवा आली की स्प्रिंग दबते आणि चाक फिरतं. हवा गेली की स्प्रिंग उसळते आणि चाक धरून ठेवते. उभ्या ट्रेलरला ही स्प्रिंगच धरून असते, दुसरं कुणी नाही. दुरुस्तीत हवा नसताना चाक फिरवायचं असेल, तर डब्याच्या पाठीवरचं रबरी बूच काढायचं, आत लांब बोल्ट घालून पिळायचा आणि स्प्रिंग कोंडून टाकायची. काम झालं की बोल्ट बाहेर आणि बूच जागेवर. आता यात कुणी 'सोडला' म्हटलं तर काय समजायचं? ब्रेक सोडला म्हणजे चाक मोकळं. स्प्रिंग सोडली म्हणजे चाक जखडलं. शब्द तोच आणि अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे. म्हणून सासऱ्यांनी ठरवून दिलं होतं, की 'बोल्ट आत' म्हणायचं नाहीतर 'बोल्ट बाहेर', तिसरं काही बोलायचं नाही. आणि बोल्ट आत असेपर्यंत ट्रेलरच्या हवेच्या नळीला लाल फडकं बांधायचं, म्हणजे ते काढल्याशिवाय घोडा जोडता येणार नाही. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी; या धंद्यात तिला दुसरं नाव नाही.

सासरे गेले आणि बंदी त्यांच्याबरोबर भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसली. फडकं राहिलं, शब्द मात्र हळूच परत आला. झाडू मारायला लावणारं आता कुणी नव्हतं.

त्या दिवशी दुपारी वहिनी जेवायला बसली होती. घरातली थोरली सून म्हणून ती वहिनी. पण आता तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा तिला वहिनीच म्हणत. ब्रेकचं सगळं काम तिच्याकडे होतं. सासऱ्यांनी तिला हाताला धरून शिकवलं होतं, आणि ती नुसत्या वासावरून कुठल्या चाकाचं अस्तर, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, जळतंय ते सांगायची. समोर तिचा दीर, बारक्या, डबा उघडून बसला होता. बारक्या म्हणजे धाकटा, एवढंच. बाकी तो दारातून आडवा होऊन आत यायचा.

वहिनीने हात पुसायला डगल्याच्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर दोन काळी रबरी बुचं बाहेर आली आणि टेबलावर घरंगळत गेली. एक बारक्याच्या डब्याला अडून थांबलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं. सकाळी तिने नवऱ्याच्या ट्रेलरची चार बुचं काढली होती. दोन तिने स्वतः परत बसवली होती. ही दोन इथे होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "मागच्या चाकांचे बोल्ट कुणी काढले?"

बारक्या घास चावत म्हणाला, "तुम्हीच की."

"मी नाही काढले."

"असं काय करता वहिनी? मी विचारलं ना तुम्हाला, मागच्यांचं काय? तुम्ही म्हणालात, मागचे सोडलेत."

ती तसं म्हणाली होती. अक्षरशः तसंच म्हणाली होती.

सकाळचं सगळं तिला लख्ख आठवलं. नवऱ्याच्या ट्रेलरचं एक चाक घासत होतं, म्हणून तो घोडा बाजूला लावून चहा प्यायला गेला. तिने चारही बोल्ट आत घातले, फडकं बांधलं, अस्तरं तपासली, पुढच्या जोडीचं बदललं, चाकं फिरवून बघितली. पुढच्या जोडीचे बोल्ट काढून झाले आणि सासूबाईंचा फोन आला, की चष्मा सापडत नाही. तो त्यांच्या डोक्यावर असतो हे साऱ्या घराला माहीत होतं, त्या सोडून. ती फोनवर "आई, डोक्यावर हात लावून बघा" म्हणत होती, कॉम्प्रेसर धडधडत होता, आणि बारक्याने लांबून विचारलं. मागचे अजून व्हायचेत, पुढचे झालेत, मागचे तेवढे सोडलेत, असं तिला सांगायचं होतं. तोंडातून निघाले ते शेवटचे दोन शब्द. बारक्याने ऐकलं, मागच्या स्प्रिंगा सोडल्यात. त्याने फडकं काढलं, घोडा जोडून दिला. ती फोन ठेवून मागे वळली तेव्हा ट्रेलर फाटकाबाहेर पडत होता, आणि तिला वाटलं, राहिलेलं काम बारक्याने उरकलं.

खोट कळायला काही मार्गच नव्हता, हीच यातली वाईट गोष्ट. बोल्ट आत असला तरी पायाचा ब्रेक झकास लागतो. रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी थांबते. कळतं ते फक्त उभी केल्यावर, हवा निघून गेल्यावर.

"पण घोडा आहे ना पुढे," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "घोड्याचा ब्रेक धरेल."

"तिथे घोडा काढतात," वहिनी म्हणाली.

ते दोघांनाही माहीत होतं. टेकडीवर पाण्याची टाकी बांधायचं काम चाललं होतं आणि नवरा तिथे सिमेंटचे पाइप पोचवत होता. क्रेनची पाळी येईपर्यंत भरलेला ट्रेलर चढावर उभा ठेवायचा. घोडा तोवर तिथलाच दुसरा ड्रायव्हर रिकामे ट्रेलर हलवायला घेऊन जायचा. आणि नवरोबा ट्रेलरच्या शेपटाखालच्या सावलीत पथारी टाकून घोरायचा. चाकाखाली ठोकळे लावायचा नाही. ठोकळे सीटमागे पडून असायचे, त्यांच्यावर तो पाण्याचा कॅन ठेवायचा. "माझी बायको ब्रेक बघते," असं तो चारचौघांत सांगायचा. "मी ठोकळा लावला तर तिचा अपमान नाही का?" वहिनी यावर दरवेळी चिडायची. आणि दरवेळी मनातून सुखावायची, हेही खरं.

तिने फोन लावला. लागला नाही. टेकडीवर फोन लागत नाही हे ठाऊक असूनही तिने पुन्हा लावला, आणि जुन्या पिकअपकडे पळत असताना पुन्हा लावला. बारक्याने शेडमधले सगळे लाकडी ठोकळे उचलून मागे फेकले. डबे तसेच उघडे राहिले.

पिकअप रस्त्याला लागली. मग बारक्या म्हणाला, "सोडलेत म्हणजे सोडलेतच ना, वहिनी? मी काय चूक समजलो?"

"सोडलेत म्हणजे राहिलेत."

"राहिलेत म्हणायचं मग."

"आता कळतंय मला ते."

"मी खाली वाकून बघायला हवं होतं. फडकं मी काढलं."

"भाऊजी, तुम्ही गाडी चालवा."

तिला त्याच्यावर चिडायचं होतं. चिडली असती तर भीती जरा मागे सरली असती. पण चिडायला जागाच सापडेना. चौकात सगळं तुंबलं होतं. पुढच्या मोटारीतली बाई आरशात बघून केस नीट करत होती, आणि वहिनीला वाटलं उतरून त्या मोटारीला ढकलावं. बारक्याने हॉर्न दाबला. सगळ्यांनीच दाबला. त्याने काही झालं नाही.

चारपैकी दोन स्प्रिंगा धरून आहेत, तिने मनाशी हिशेब मांडला. सपाटीवर दोन पुरतात. चढावर, रिकामा असेल तर बहुतेक पुरतात. पण पाइप भरलेले होते, आणि पुढच्या जोडीचं अस्तर तिने सकाळीच नवं घातलं होतं. नवं अस्तर चाकातल्या ड्रमला नीट बसायला थोडं घासावं लागतं, तोवर त्याची पकड अर्धीमुर्धी. जितकं जास्त कळत होतं तितकी तिची भीती वाढत होती. काहीच न कळणारी बायको असते तर आत्ता घरी आडवी झाले असते, असं तिला वाटून गेलं. मग तिला सासूबाईंचा चष्मा आठवला. एका चष्म्यापायी. तोसुद्धा हरवलेला नव्हता.

तो कसा झोपतो ते तिला पाठ होतं. उताणा, एक हात डोळ्यांवर, तोंड उघडं. एकदा झोपला की त्याच्या कानाशी नगारा वाजवा. ट्रेलर बोटाबोटाने सरकू लागला तर त्याचा आवाज तरी कितीसा होणार? ती डोळे मिटून घ्यायची, तर तेच दिसायचं. उघडायची, तर समोर रस्ता संपत नव्हता.

टेकडीच्या पायथ्याला फाटक होतं. पहारेकऱ्याने दांडा आडवा धरला.

"हेल्मेट कुठाय? हेल्मेटशिवाय कुणालाच सोडत नाही मी."

तो शब्द कानावर पडला आणि वहिनीला कसंसंच झालं. ती दार उघडून उतरली, दांड्याखालून वाकून पलीकडे गेली आणि चढावर पळत सुटली. मागून पहारेकरी ओरडला, त्यावर बारक्या त्याहून मोठ्याने ओरडला, आणि मग पिकअपचं इंजिन गुरगुरलं. दांडा कसा वर गेला ते तिने बघितलं नाही.

वळणापलीकडे ट्रेलर दिसला. उभा होता. तोंड टेकडीकडे, शेपूट तिच्याकडे, वर पाइपांची उतरंड. पुढे घोडा नव्हता. पुढचा भार ट्रेलरच्या दोन लोखंडी पायांवर टेकला होता. शेपटाच्या सावलीत, उजव्या बाजूच्या चाकापाशी, त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या, घराच्या दाराबाहेर ठेवाव्यात तशा. आणि तो निजला होता. उताणा, हात डोळ्यांवर. डोकं मागच्या टायरच्या दिशेने.

हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. दचकून उठला तर कुठल्या बाजूला लोळेल कुणास ठाऊक. ट्रेलर जणू ऐकतोय अशी ती दबक्या पावलांनी चालू लागली. स्वतःच्याच मूर्खपणाची तिला जाणीव होती, तरी पावलं काही मोठी पडेनात.

बारक्याने पिकअप खालीच आडवी लावली आणि दोन्ही काखांत ठोकळे घेऊन धापा टाकत आला. तो डाव्या बाजूला गेला, ती उजव्या. तिने ठोकळा नवऱ्याच्या डोक्याशेजारून टायरच्या खालच्या अंगाला टेकवला आणि तळहाताने आत रेटला. तेव्हा तिला चादर दिसली.

नवऱ्याच्या पथारीची वरची कड टायरखाली होती. वीतभर आत गेलेली. चादरीवरचे निळे पट्टे टायरपाशी जाऊन संपत होते. पथारी टाकताना कुणी ती चाकाखाली खोचत नाही. त्याने चाकापासून सोडून टाकली होती, चाक तिच्यापर्यंत चालत आलं होतं. त्याचे केस आणि टायर यांच्यात आता तिचा एक हात मावला असता, दुसरा नाही.

टायरखाली एक खडा होता. तो कर्र करून फुटला.

वहिनीने दुसरा ठोकळा पहिल्याला भिडवला आणि गुडघ्याने दाबला. "भाऊजी," ती कुजबुजली.

"लावले," पलीकडून बारक्या कुजबुजला. "दोन्ही लावले."

मग ती त्याच्या पायांकडे गेली, दोन्ही घोटे धरले आणि सगळ्या ताकदीने त्याला बाहेर ओढलं. तो उन्हात आला, तेव्हा कुठे त्याची झोप चाळवली.

"काय गं?" तो डोळे चोळत म्हणाला. "डबा आणलास?"

ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही.

"काय झालं? आई बरी आहे ना?" तो उठून बसला. तिच्याकडे बघितलं, ठोकळ्यांकडे बघितलं, हसला. "एवढ्या लांब माझा अपमान करायला आलात होय दोघं?"

बारक्या ट्रेलरच्या लोखंडी पायापाशी उभा होता आणि काँक्रीटवर उमटलेल्या ताज्या पांढऱ्या ओरखड्याकडे बघत होता. नवरा पथारी आवरायला वाकला. त्याने चादर ओढली. ती आली नाही. त्याने पुन्हा, जरा जोरात ओढली. मग तो खाली बसला आणि चादर कुठे अडकलीय ते बघितलं.

त्याने टायरखालची कड बोटाने चाचपली.

"बोल्ट आत आहेत," वहिनी म्हणाली. "मागचे दोन. माझ्याकडून राहिले. मी सोडलेत म्हणाले आणि भाऊजींना वाटलं, सोडलेत."

एरवी या वाक्यावर तो आठवडाभर चेष्टा करत राहिला असता. त्याने फक्त स्वतःच्या डोक्यावरून, मागच्या बाजूने, एकदा हात फिरवला.

बोल्ट तिनेच काढले. बारक्या म्हणाला, मी काढतो; ती नको म्हणाली. पाना नटावर बसेना, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. नट फिरत गेला, आतली स्प्रिंग कण्हत पुढे सरकली आणि ब्रेकने चाक धरलं. मग दुसरं. खिशातली दोन बुचं तिने जागेवर बसवली आणि अंगठ्याने दाबून बघितली, पुन्हा दाबून बघितली. चादरीची कड टायरखालीच राहिली. घोडा परत येईपर्यंत ती निघणार नव्हती.

परतीच्या रस्त्यावर बारक्या एवढंच म्हणाला, "आईला नको सांगायला. चष्म्यामुळे झालं असं घेऊन बसेल." शेडमध्ये शिरल्यावर त्याने डब्यांकडे पाहिलंही नाही. सरळ कोपऱ्यात गेला, झाडू उचलला आणि झाडायला लागला. वहिनीने क्षणभर बघितलं आणि दुसरा झाडू घेतला. दोघांनी मिळून सगळी शेड झाडली, फोटोच्या भिंतीपासून फाटकापर्यंत, आणि मधल्या वेळात एकही शब्द बोलले नाहीत. तो विशिष्ट शब्द तर नाहीच.

संध्याकाळी नवरा रिकामा ट्रेलर घेऊन आला. शेडच्या अंगणात, जिथे सांडलेलं पाणीसुद्धा कुठल्या बाजूला जावं ते ठरवत नाही इतक्या सपाट जागी त्याने तो उभा केला. घोड्यातून उतरला. सीटमागून ठोकळे काढले. एक पुढून, एक मागून असे चाकाला लावले आणि टाचेने ठोकून घट्ट केले. वहिनीकडे बघितलं नाही.

लग्न झाल्यापासून ती त्याला हे सांगत आली होती. हात जोडून सांगितलं होतं, भांडून सांगितलं होतं. आज त्याने न सांगता केलं, तर तिला वाटलं, कुणीतरी आपल्या हातातून पाना काढून घेतला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण दुपारची भीती अजून तशीच होती, आणि ती वाईट वाटण्यापेक्षा मोठी होती.

"दुसऱ्या बाजूलाही लावा," ती म्हणाली.

"लावतो." तो ठोकळे घेऊन उभा राहिला. मग जमिनीकडे बघत विचारलं, "बोल्ट?"

"बाहेर."

"चारही?"

"चारही बाहेर."

त्याने मान हलवली. ठोकळे खाली ठेवले, मोबाइलची बॅटरी लावली आणि ट्रेलरखाली वाकून, एकेका चाकामागे जाऊन, चारही बुचं स्वतःच्या बोटाने दाबून बघितली. वहिनी त्याचं बघून होईपर्यंत तिथेच उभी राहिली.